शाळेच्या ताटात भाकरी कधी येणार?

आमच्या घरी चुलीपुढं बसायची एक जागा होती, आज्जीच्या डाव्या हाताला, जाळापासून जरा लांब. तिथं जो बसेल त्याला पहिल्या भाकरीचा पापुद्रा मिळायचा. त्यावरून आमच्या तिघा भावंडांत रोज भांडण. आज्जी भाकरी तव्यावरून काढून तव्याला टेकवून निखाऱ्यावर उभी करायची, ती टम्म फुगायची, मग बोटाने वरचा पापुद्रा उचलायची आणि आत शेंगदाण्याची चटणी नि करडईचं तेल घालून हातावर ठेवायची. हात भाजायचा, फुंकर मारत मारत खायचं. मी आज चाळिशीला टेकलेय, बऱ्याच राज्यांत फिरलेय, खूप काही खाल्लंय आणि भारतातलं जेवण या विषयावर माझं जे काय प्रेम आहे (आणि ते भरपूर आहे, मी कुठल्याही गावाला गेले तर देवळाआधी मंडई बघते) ते सगळं त्या पापुद्र्यापासून सुरू झालेलं आहे असं मला अगदी मनापासून वाटतं.

आमचं गाव बार्शीकडचं, धाराशिव जिल्ह्याच्या हद्दीला लागून. ज्वारीचा मुलूख. जेवण म्हणजे भाकरी, मग तिच्याबरोबर काय हे ऋतू ठरवायचा. पावसाळ्यात तांदुळजा, पाथरी, घोळ. मग अंबाडी, हरभऱ्याचा कोवळा पाला, करडईची भाजी. थंडीत हुलग्याची, म्हणजे कुळथाची, शेंगोळी, आजारी पडलं की हुलग्याचं माडगं. येळवसेला, म्हणजे वेळा अमावास्येला, सगळं घर शेतात, कडब्याच्या कोपीत पूजा, भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातलं थंडगार आंबील. हे सगळं मी सात-आठ वर्षांची होईपर्यंत इतक्यांदा खाल्लं की मला कुणी "हे आपलं आहे, ह्याचा अभिमान बाळग" असं सांगायची वेळच आली नाही. जिभेला माहीत होतं.

आता मुद्दा असा की चव ही शिकवावी लागते आणि ती लहानपणीच शिकवावी लागते. हे नुसतं माझं म्हणणं नाहीये. आई गरोदरपणात नि अंगावर पाजताना जे खाते त्याची ओळख बाळाला होते, 2001 साली गाजराच्या रसाचा एक अभ्यास खूप गाजला होता, ज्या आयांनी त्या काळात गाजराचा रस घेतला त्यांच्या बाळांनी पुढे गाजराची चव असलेलं खाणं जास्त सहज खाल्लं. आणि पोराने एखादी नवी भाजी एकदा थुंकली म्हणजे त्याला ती आवडत नाही असं नसतं, पुन्हा पुन्हा, आठ-दहा वेळा ताटात आली की मग ती ओळखीची होते. आज्जीला हे कुणी सांगितलं नव्हतं पण तिचा नियम तोच होता, "एक घास खा, मग नको म्हण." कारल्याचा मी किती वर्षं एकच घास खाल्ला आणि मग एक दिवस कधी दोन वाट्या खायला लागले ते मलाच कळलं नाही.

मग प्रश्न हा येतो की आज आपल्या देशातल्या मुलांची चव कोण घडवतंय. आई-आज्जी घडवतात हे अर्धंच उत्तर झालं. कारण देशात अकरा कोटींच्या आसपास मुलं दिवसातलं एक जेवण शाळेत जेवतात, सरकारच्या ताटात. वर्षाचे दोनशे-सव्वादोनशे दिवस धरले, पहिली ते आठवी आठ वर्षं धरली, तर एका मुलाची सोळाशेच्या वर जेवणं होतात. सोळाशे जेवणं! एवढ्या जेवणांत माणसाची जीभ पक्की घडते. आणि आपण त्या ताटाकडे फक्त उष्मांक, प्रथिनं आणि पटावरची हजेरी म्हणून बघतो. माझं म्हणणं आहे की शालेय पोषण आहार ही या देशातली सगळ्यात मोठी पाकशाळा आहे आणि त्या ताटात त्या त्या मुलखाचं जेवण यायलाच पाहिजे, आमच्याकडे ज्वारी, डांगात नि नंदुरबारकडे नागली म्हणजे नाचणी, कोकणात कुळथाची पिठी. ते आज येत नाहीये आणि त्याची किंमत आपण मोजतोय.

मी ही योजना आतून बघितलेली आहे, म्हणजे तिची सुरुवात माझ्या अंगावरून गेलीय. 15 ऑगस्ट 1995 ला केंद्राची योजना सुरू झाली तेव्हा बहुतेक राज्यांत शिजवलेलं जेवण नव्हतंच, महिन्याला तीन किलो धान्य मिळायचं, तेही ऐंशी टक्के हजेरी असेल तर. 1996-97 चं साल असेल, मी चौथीत. महिन्यातून एकदा शाळेत तांदूळ वाटायचे, आम्ही घरून कापडी पिशवी घेऊन जायचो, गुरुजी वहीत सही घ्यायचे आणि आम्ही ती पिशवी डोक्यावर घेऊन मिरवत घरी यायचो. मिरवतच, कारण आमच्याकडे भात हा सणाचा, पाहुण्याचा, लग्नाच्या पंगतीचा. रोज भात खाणारे म्हणजे मोठे लोक, शहरातले लोक. सरकार आम्हाला तांदूळ देतंय म्हणजे काहीतरी भारी देतंय असं आम्हा पोरांना वाटायचं. आणि त्याच्यातनं एक गोष्ट कुणी न सांगता आमच्या डोक्यात बसली की भाकरी ही गरिबाची आणि भात हा पुढं गेलेल्यांचा. माझ्या धाकट्या भावाने त्याच वर्षी पहिल्यांदा "मला भाकरी नको, भात दे" म्हणून ताट सरकवलं होतं. आज्जी काही बोलली नाही. तिने भात टाकला.

हे मी कुणाला दोष द्यायला सांगत नाहीये. आज्जीने 1972 चा दुष्काळ बघितला होता, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली होती, सुकडी खाल्ली होती, अमेरिकेतनं आलेली लाल मिलो ज्वारी दळून तिच्या भाकरी केल्या होत्या. त्या पिढीला सरकारी धान्य म्हणजे काय हे पोटाने माहीत आहे. पोर उपाशी असताना चवीच्या गप्पा मारू नयेत हे मलाही कळतं. ताटात काहीतरी पडणं हे पहिलं, आणि त्यासाठी या देशात लोकांना कोर्टात जावं लागलं. 28 नोव्हेंबर 2001 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कोरडं धान्य नको, शिजवलेलं जेवण द्या, निदान 300 उष्मांकाचं, निदान 200 दिवस, तेव्हा कुठे राज्यं हलली आणि शाळाशाळांत चुली पेटल्या. पुढे 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात तो हक्क झाला. 2021 पासून योजनेचं नाव पीएम पोषण आहे. माझ्या मते स्वातंत्र्यानंतर या देशाने केलेल्या पहिल्या पाच चांगल्या कामांत हे काम येतं आणि म्हणूनच मला ते आणखी चांगलं व्हावं असं वाटतं.

मग ज्वारीच्या मुलखात भातच का? याचं उत्तर चवीत नाहीये, गोदामात आहे. केंद्र सरकार या योजनेला धान्य फुकट देतं, ते भारतीय अन्न महामंडळाच्या साठ्यातून येतं, आणि तो साठा मुख्यतः तांदूळ आणि गव्हाचा. हमीभाव ज्वारीलाही आहे, 2025-26 साठी मालदांडी ज्वारीचा भाव क्विंटलला 3749 रुपये जाहीर झालाय, पण जाहीर होणं वेगळं आणि आमच्या शेतकऱ्याच्या दारात येऊन पोत्यावर पोतं खरेदी होणं वेगळं. पंजाबात गहू-तांदूळ जसा उचलला जातो तशी ज्वारी कधी उचलली गेली नाही. त्यामुळे रेशनला तांदूळ-गहू, शाळेला तांदूळ, अंगणवाडीलाही बरंचसं तेच. मंगळवेढ्याला अजून ज्वारीचं कोठार म्हणतात, तिथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकनसुद्धा आहे, आणि त्याच मंगळवेढ्यातल्या शाळेतलं पोरगं दुपारी भाताची खिचडी खातं. मला हे बघून वाईट वाटतं, खरंच वाईट वाटतं.

बरं हे नुसतं भावनेचं नाहीये, पोषणाचंही आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात दहासुद्धा नसतं. आणि आपल्या राज्याची अवस्था काय आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी 2019 ते 21 मध्ये झाली, त्यात महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या शंभरातल्या पस्तीस मुलांची उंची वयाच्या मानाने कमी निघाली आणि अंगात रक्त कमी असलेली मुलं शंभरातली जवळजवळ एकोणसत्तर. हे प्रगत म्हणवणारं राज्य. मग जे धान्य आपल्याच रानात कमी पाण्यावर येतं, ज्यात लोह नि कॅल्शियम आहे, ज्याचा कडबा जनावरांना होतो, ते धान्य सोडून आपण शेकडो मैलांवरनं आलेला तांदूळ का शिजवतोय?

आता जे लोक शाळेत काम करतात ते लगेच म्हणतील, ताई दोनशे पोरांना भाकऱ्या कोण थापणार? अगदी बरोबर आहे. मी स्वतः भाकरी करते, वीस भाकऱ्यांना माझे खांदे भरून येतात. दोनशे पोरांच्या भाकऱ्या दोन बायकांनी थापाव्यात असं मी कधीच म्हणणार नाही, बायकांच्या मनगटावर कुठलीही संस्कृती टिकवू नये. पण भाकरी हा ज्वारीचा एकच पदार्थ नाहीये हो. कण्या आहेत. ज्वारी भरडायची, कण्या मोठ्या पातेल्यात शिजवायच्या, वर ताक किंवा घट्ट वरण, भातासारखंच काम, भातासारखीच भांडी. आंबील आहे. शेंगोळ्या आहेत, त्या वळायला वेळ लागतो पण महिन्यातनं एकदा होऊ शकतात. विदर्भात उकडपेंडी आहे. चकोल्या, ज्याला कुणी वरणफळं म्हणतं, त्या आहेत. नागलीची आंबील डांगातल्या प्रत्येक बाईला येते. कुळथाची पिठी तर भातावरच घ्यायची असते, तिथे तांदूळसुद्धा बदलावा लागणार नाही, फक्त डाळीच्या जागी कुळीथ येईल. आपल्या पूर्वजांनी शेतावरच्या मजुरांना, लग्नाच्या पंगतीला, जत्रेला शेकडो माणसांचं जेवण घातलंय, मोठ्या पातेल्यात होणारं जेवण ही काही आपल्याला नवी गोष्ट नाही.

आणि सरकारी कागदावर हे सगळं चालतं. केंद्राने राज्यांना सांगितलेलं आहे की जमेल तिथे आठवड्यातून एकदा भरडधान्य द्या. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, भारतानेच मागून घेतलेलं, केवढे कार्यक्रम झाले, केवढे फलक लागले. आपल्या राज्याने 2024 मध्ये शालेय आहाराची पंधरा पाककृतींची यादी काढली, तिच्यात मोड आलेल्या मटकीची उसळ होती, मूग-शेवग्याचं वरण होतं, नाचणीचं सत्त्व होतं, हे चांगलं पाऊल होतं आणि ज्या कुणी ती यादी केली त्यांनी विचार केलाय हे दिसतं. पण यादी नीट बघा, पुलाव, पुलाव, मसालेभात, खिचडी, खीर, म्हणजे पंधरांपैकी बहुतेक नावांमागे तांदूळच उभा होता. आणि यादी एकच, सिंधुदुर्गापासून गडचिरोलीपर्यंत. सिंधुदुर्गातल्या मुलाला भात आपला वाटणार, बरोबरच आहे, तो त्याचाच आहे. पण बीडच्या, सोलापूरच्या, जतच्या मुलाचं काय? एक राज्य एक यादी हे हिशोबाला सोपं जातं. जेवण मात्र कधीच राज्याचं नसतं, ते तालुक्याचं असतं, कधीकधी नदीच्या अल्याड-पल्याड बदलतं.

पैशाचं बोलायलाच हवं कारण त्याशिवाय हे सगळं हवेत आहे. 1 मे 2025 पासून पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला 6 रुपये 78 पैसे आणि सहावी ते आठवीसाठी 10 रुपये 17 पैसे एवढा खर्च धरलेला आहे. यात धान्य नाही, ते वेगळं येतं, पण डाळ, भाजी, तेल, तिखट-मीठ, जळण सगळं यातच. प्राथमिकच्या मुलाला 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल आणि सगळं मिळून 450 उष्मांक नि 12 ग्रॅम प्रथिनं द्यायची असा नियम. पावणेसात रुपयांत. ज्याने कुणी आजकाल मंडईतनं कोथिंबिरीची जुडी आणलीय त्याने यावर एक मिनिट विचार करावा. आणि हे शिजवणाऱ्या बायकांना केंद्राच्या हिशोबाने महिन्याला 1000 रुपये मानधन, वर्षातले दहाच महिने, हा आकडा 2009 पासून तिथेच आहे, राज्यं वर आपली भर घालतात तेव्हा कुठे जरा बरं होतं. सकाळी नऊ ते दुपारी दोन ही बाई शाळेत असते, भांडी घासून जाते. तिला आपण स्वयंपाकी-मदतनीस म्हणतो. आमच्या गावात तिलाच सगळ्यात जास्त माहीत आहे की चिघळीची भाजी कशी निवडायची, हुलगा किती वेळ भाजायचा, कुठल्या बांधावर पाथरी उगवते. आणि तिला कुणी विचारत नाही, तिच्या हातात छापील यादी देतात. माझं तर म्हणणं आहे की तालुक्याची यादी करायला आहारतज्ज्ञ बसवा, पण त्याच्या शेजारी चार स्वयंपाकी बायकांना बसवा आणि त्यांना त्या दिवसाचा भत्ता द्या.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे सगळ्यांना माहीत आहेत, त्यांनी घरात गावठी बियाण्यांची बँक उभी केली, वालाचे, भाताचे, भाज्यांचे कितीतरी वाण जपले, 2020 च्या पद्मश्रींत त्यांचं नाव आलं. आपण टाळ्या वाजवल्या आणि ते योग्यच होतं. पण बियाणं जपलं जातं ते खाणाऱ्यामुळे. खाणारं तोंड नसेल तर शेतकरी ते कशाला पेरेल? जिल्ह्यातल्या हजार शाळांनी आठवड्यातून एक दिवस गावठी वाल किंवा हुलगा मागितला तर ते वाण पुढच्या हंगामात आपोआप शेतात उभे राहतील. ओडिशाने 2017 पासून भरडधान्याचं मिशन चालवलंय, आदिवासी भागातल्या शेतकऱ्यांकडून नाचणी हमीभावाने खरेदी केली, रेशनवर दिली, अंगणवाडीत नाचणीचे लाडू दिले. म्हणजे खरेदी आणि ताट एकत्र जोडता येतं, कुणीतरी करून दाखवलंय.

अंड्याबद्दल बोलल्याशिवाय हा विषय सोडता येणार नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये आपल्या राज्याने आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्याला केळं. आणि जानेवारी 2025 मध्ये त्यासाठीचा वेगळा पैसा बंद केला, शाळांनी हवं तर लोकवर्गणीतून द्यावं असं सांगितलं. मला हा निर्णय चुकीचा वाटतो आणि त्यात मी काहीही मऊ करून सांगणार नाही. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे प्राथमिकच्या मुलाला त्या जेवणातून द्यायच्या प्रथिनांचा अर्धा वाटा, आणि अंड्यात भेसळ करता येत नाही, पाणी घालता येत नाही, मोजून मिळतं. तमिळनाडूत 1982 मध्ये मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी सत्तुणवु, म्हणजे पौष्टिक जेवणाची, योजना मोठी केली, त्याआधी कामराज यांनी 1956 च्या सुमाराला शाळेत जेवण सुरू केलेलं, आणि 1989 पासून तिथे अंडं आलं, आज आठवड्याचे पाचही दिवस मिळतं. मी चेन्नईकडच्या एका मैत्रिणीबरोबर काम केलंय, ती सरकारी शाळेत शिकलेली, ती म्हणायची की आमच्या घरी महिन्यातनं एकदा अंडं यायचं पण शाळेत रोज, म्हणून माझी आई मला ताप असला तरी शाळेत पाठवायची. ती आज मिरपूड घातलेलं अंडं खाते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे दिसतं ना ते माझ्या पापुद्र्यासारखंच असतं. शाळेलासुद्धा चवीची आठवण घडवता येते ह्याचा तो पुरावा मी डोळ्याने बघितलाय.

अंड्याला विरोध करणारे म्हणतात आमच्या भावना दुखावतात. ज्याला नको त्याला केळं द्या, हे आधीपासून ठरलेलं होतंच की. कुणाच्याही मुलाला त्याच्या घरात न चालणारं खाऊ घालू नये, मी या बाजूला ठामपणे आहे. पण जे मूल घरी अंडं खातं, मासे खातं, खेकडे पकडून आणतं, त्याच्या जेवणाला शाळेत जागा नाही असं म्हणणं म्हणजे त्याला सांगणं की तुझं घर जरा कमी आहे. भारतीय जेवण म्हणताना आपण कुणाचं जेवण धरतो आणि कुणाचं वगळतो हे पोरांना फार लवकर कळतं, चौथीत मला तांदळावरून कळलं होतंच.

ताट एकत्र असणं किती अवघड आहे तेही विसरून चालणार नाही. डिसेंबर 2021 मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात सुखीढांगच्या शाळेत दलित भोजनमातेच्या हातचं खायला काही मुलांनी नकार दिला होता. मुलांनी म्हणजे घरच्यांनी. अशा बातम्या अधूनमधून येतच राहतात. पण त्याच वेळी हेही खरं की या देशात वेगवेगळ्या जातींच्या मुलांनी रोज एका पंक्तीला बसून एकच जेवण जेवावं असं दुसरं कुठलं ठिकाण आपण बनवलंय मला आठवत नाही. आमच्या आज्जीच्या काळात ज्यांना ओट्याखाली भाकर वाढली जायची त्यांची नातवंडं आणि आज्जीची नातवंडं आज एकाच शाळेत एकाच पातेल्यातलं खातात. म्हणून त्या पातेल्यात काय आहे ह्याला एवढं महत्त्व आहे.

शहराकडची गोष्ट वेगळी आहे पण मूळ तेच. पुण्यात माझी मुलगी ज्या शाळेत जाते तिथे डब्याचं वेळापत्रक आहे, सोमवारी पोळी-भाजी, बुधवारी असं, शुक्रवारी "आवडीचं". एकदा तिच्या डब्यात मी भाकरी आणि लसणाची चटणी दिली तर वर्गातून निरोप आला की उग्र वासाचं देऊ नका, बाकीच्या मुलांना त्रास होतो. मी दुसऱ्या दिवशी जाऊन शांतपणे बोलले, बाई चांगल्या आहेत, त्यांनी ऐकून घेतलं. पण मुलगी महिनाभर म्हणत होती की आई मला सँडविचच दे. सात वर्षांच्या मुलीला लसणाचा वास लाजिरवाणा वाटायला एक निरोप पुरतो. आणि मग हीच मुलं मोठी झाली की आपण भरडधान्याचे महागडे पुडे घेऊन त्यांच्या मागे लागणार, आरोग्यासाठी खा म्हणून. जे औषध म्हणून खावं लागतं ते कुणाला आवडलंय?

लहानपणी लागलेली चव किती लांब जाते ते सांगते. काही वर्षांपूर्वी कामासाठी कलबुर्गीला गेले होते, एका खानावळीत जोळद रोट्टी आली, पातळ, कडक, आणि बरोबर एण्णेगाई, म्हणजे भरली वांगी. पहिला घास घेतला आणि मला कन्नडचा एक शब्द येत नसताना असं वाटलं की मी घरी बसलेय. वांग्यातला मसाला वेगळा होता, दाण्यांचा कूट तोच. त्यानंतर मी राजस्थानात बाजऱ्याचा सोगरा खाल्ला, बंगालमध्ये मोहरीतला मासा खाल्ला, तो मला पहिल्या घासाला कडक लागला आणि आज्जीचा नियम आठवून मी चौथा घास घेतला, मग आवडला. ज्याच्या जिभेला स्वतःचं एक घर असतं ती जीभ दुसऱ्याच्या घरी जायला घाबरत नाही, असा माझा तरी अनुभव. ज्या मुलाने फक्त एकाच चवीची पिवळी खिचडी, बिस्किटं आणि पाकिटातला मसाला खाल्लाय त्याला सगळंच परकं लागतं, शेजारच्या जिल्ह्यातलं आणि शेजारच्या राज्यातलंही.

मला यात फार मोठी क्रांती नकोय. आठवड्यातले दोन दिवस तालुक्याने ठरवलेलं जेवण, त्यासाठी लागणारी ज्वारी-नागली-हुलगा त्याच जिल्ह्यातून हमीभावाने खरेदी, स्वयंपाकी बाईला जगता येईल असं मानधन, अंड्याचा पैसा परत. बाकीचे दिवस भात असू दे, भाताशी माझं काही भांडण नाही, आंबेमोहोराच्या वरणभाताला मी कधीच नाही म्हणत नाही.

गेल्या हिवाळ्यात गावाकडे गेले तेव्हा आमच्या जुन्या जिल्हा परिषद शाळेत गेले होते, भाची तिथे दुसरीत आहे. स्वयंपाक करणाऱ्या काकूंनी सांगितलं की दोन आठवड्यांपूर्वी त्यांनी पोरांना शेंगोळी करून घातली, काही पालकांनी घरून वाटी-वाटी हुलग्याचं पीठ पाठवलं होतं, दोघीतिघी आया वळायला आल्या होत्या. पातेल्याच्या तळाशी काही उरलं नाही म्हणाल्या, रस्सासुद्धा पोरांनी वाटीने प्यायला. भाचीला विचारलं तर ती म्हणाली मी तीनदा घेतली. मग परत कधी करणार असं मी काकूंना विचारलं. त्या मुख्याध्यापकांकडे बघायला लागल्या आणि ते म्हणाले, पिठाला पैसे कुठल्या खात्यात टाकायचे ते विचारलंय वर, उत्तर आलं की करू. मी परवा फोन केला होता. अजून उत्तर आलेलं नाहीये.